जुना होम कॉम्प्युटर आणलात. आता त्यावर चालवायचं काय?

सेकंडहँड होम कॉम्प्युटर घरी आला की पहिल्या संध्याकाळी बहुतेक जण एकच चूक करतात. मीही केली. इंटरनेटवर मिळालेला हजारो प्रोग्रामांचा गठ्ठा मेमरी कार्डावर ओतला, दोन तास यादी खालीवर केली, एकेक गेम दीड-दोन मिनिटं खेळून सोडला आणि चौथ्या दिवशी मशीनवर कापड टाकलं. ज्या काळात ही मशीनं नवी होती तेव्हा घरात जेमतेम दहा-बारा कॅसेटी असायच्या आणि त्यांवर वर्षं निघायची. म्हणून या लेखात मी 'सर्वोत्तम शंभर' वगैरे काही देणार नाही. आपल्या मशीनला झेपतील, आपल्या उपयोगाला येतील असे सहा-सात प्रोग्राम कसे निवडायचे, तेवढंच सांगतो.

बोलणं साधारण १९७७च्या ॲपल टू पासून १९८७च्या अमिगा ५०० पर्यंतच्या मशीनांबद्दल आहे. कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो, ॲमस्ट्रॅड सीपीसी, अटारी एसटी ही मधली मंडळी.

पायरी १: हातात नेमकं काय आहे ते लिहून काढा

नुसतं नाव पुरत नाही. 'स्पेक्ट्रम' म्हणजे १६ के (के म्हणजे किलोबाइट), ४८ के, १२८ के, कॅसेटवाला प्लस टू की फ्लॉपीवाला प्लस थ्री? एका कागदावर चार गोष्टी लिहा: मेमरी किती, प्रोग्राम आत घ्यायची सोय कोणती (कॅसेट, फ्लॉपी की खाचेत लावायची डबी, म्हणजे कार्ट्रिज), टीव्हीची पद्धत पाल की एनटीएससी, आणि रॉमची, म्हणजे मशीनचे स्वतःचे प्रोग्राम कायमचे कोरलेल्या चिपची, आवृत्ती कोणती. सॉफ्टवेअर निवडताना पुढे प्रत्येक वेळी हाच कागद समोर लागतो.

मेमरीचा आकडा विकणाऱ्यावर विश्वास ठेवून लिहू नका, मशीनलाच विचारा. कमोडोर ६४ सुरू होताच बेसिकसाठी (मशीनमध्येच असलेल्या प्रोग्रामिंगच्या भाषेसाठी) ३८९११ बाइट मोकळे असल्याचं सांगतो. नाव ६४चं आणि हाती ३८ के, हे पाहून दचकू नका. उरलेली मेमरी रॉमच्या खाली आणि मशीनच्या स्वतःच्या कामाला गेलेली असते; मशीन कोडमधले, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेतले, प्रोग्राम रॉम बाजूला सारून तीही वापरतात. पण कार्ट्रिज न लावता आकडा ३८९११ पेक्षा कमी आला, तर मेमरीच्या चिपमध्ये बिघाड आहे असं समजा. स्पेक्ट्रमवर 'प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३' अशी ओळ द्या. धडधाकट ४८ के मशीन ६५५३५ सांगतं. ३२७६७ आलं तर एकतर ते १६ केचं आहे किंवा वरच्या ३२ के मेमरीने मान टाकली आहे. म्हणजे ४८ केचे प्रोग्राम त्यावर चालणार नाहीत, मग ते कितीही चांगले असोत.

मेमरी आणि पडदा यांचं नातंही लक्षात ठेवा, कारण वर्ड प्रोसेसर निवडताना ते आडवं येतं. बीबीसी मायक्रोच्या बी मॉडेलमध्ये ३२ के मेमरी. त्यातला ८० कॉलमचा (ओळीला ८० अक्षरांचा) मोड ० एकटा २० के खातो, तर ४० कॉलमचा मोड ७ फक्त १ के. म्हणूनच त्यावरचा वर्डवाइज हा वर्ड प्रोसेसर मजकूर मोड ७ मध्ये लिहून घेतो आणि ८० कॉलमचं रूप फक्त पाहण्यापुरतं दाखवतो. मला सुरुवातीला ही कंजुषी वाटली होती. नंतर कळलं, तीच त्या प्रोग्रामची हुशारी आहे.

पाल आणि एनटीएससीचं प्रकरण गेमसाठी महत्त्वाचं. पाल मशीन सेकंदाला ५० चित्रं दाखवतं, एनटीएससी ६०. एनटीएससीसाठी लिहिलेला गेम पालवर साधारण एक षष्ठांशाने मंदावतो आणि त्याचं संगीतही रेंगाळतं. उलट पालसाठी लिहिलेले, पडद्याच्या रेषा मोजत काम करणारे डेमो (मशीनच्या करामती दाखवणारे प्रोग्राम) एनटीएससीवर बऱ्याचदा कोलमडतात. लिहिण्या-मोजण्याच्या प्रोग्रामांना सहसा फरक पडत नाही.

पायरी २: आधी तब्येत, मग हौस

कमोडोर ६४ सोबत आलेला मूळचा पॉवर सप्लाय वापरू नका. जुना झाल्यावर त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर बिघडतो, व्होल्टेज वर जातं आणि मेमरीच्या चिपा जळतात. नवीन बनावटीचा सप्लाय घेईपर्यंत सॉफ्टवेअरचा विचारही नको. ज्या अमिगांमध्ये घड्याळासाठी रिचार्जेबल बॅटरी बसवलेली असते, तिथे ती बॅटरी गळून बोर्ड खाते. उघडून बघा, असेल तर काढून टाका.

यानंतर पहिला प्रोग्राम तपासणीचा घ्यायचा. कमोडोर ६४साठी डेड टेस्ट नावाचं कार्ट्रिज असतं. पडदा काळाच राहिला तरी ते मेमरी तपासून पडद्याच्या उघडझापीतून दोषी चिप सुचवतं. अमिगासाठी अमिगा टेस्ट किट फुकट मिळतं आणि मेमरी, किबोर्ड, फ्लॉपी, जॉयस्टिक सगळं तपासतं. किबोर्डची चाचणी टाळू नका. एक कळ मेलेली असेल तर ती वर्ड प्रोसेसरमध्ये नेमकी तिसऱ्या ओळीत कळते आणि दोष प्रोग्रामला दिला जातो.

पायरी ३: प्रोग्राम आत कसा जाणार

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण निवड इथेच निम्मी ठरते.

कॅसेटवरून ४८ केचा स्पेक्ट्रम गेम चढायला चार-पाच मिनिटं लागतात. त्याला कॅसेट प्लेअरच लागतो असं नाही. कॅसेटच्या फाइलमधून आवाज तयार करणारं ॲप फोनवर घ्या आणि फोनची हेडफोनची वायर स्पेक्ट्रमच्या इअर सॉकेटला जोडा. आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि फोन विमान मोडवर टाका. लोडिंगच्या चौथ्या मिनिटाला मेसेजची घंटी वाजली की सगळं पहिल्यापासून. कमोडोरला असं सॉकेट नाही, त्याचा स्वतःचा कॅसेट रेकॉर्डर, म्हणजे डेटासेट, लागतो. त्यात गाडीच्या टेपला लावायचं कॅसेटच्या आकाराचं ॲडॉप्टर घालूनही काम होतं.

फ्लॉपीवर थोडा वेळ थांबूया, कारण नवशिके इथेच अडकतात. कमोडोरचा १५४१ ड्राइव्ह एका बाजूला सुमारे १७० के ठेवतो आणि सेकंदाला जेमतेम ३०० ते ४०० बाइट देतो. वेग मुंगीचा. म्हणून कमोडोर ६४च्या मालकाने घ्यायची पहिली उपयोगी वस्तू म्हणजे फास्ट लोडर कार्ट्रिज. एपिक्स फास्टलोड किंवा फायनल कार्ट्रिज थ्री यांपैकी एक घ्या. गेम घ्यायच्या आधी हे घ्या. यामुळे डिस्कची यादी बघणं, फाइल उघडणं ही रोजची कामं एक-दोन कळांवर येतात.

आता मेमरी कार्डवाल्या पर्यायांची गोष्ट. १५४१ हा नुसता ड्राइव्ह नसून आपला प्रोसेसर आणि २ के मेमरी असलेला छोटा कॉम्प्युटरच आहे. बरेच गेम स्वतःचा वेगवान लोडर त्या ड्राइव्हच्या पोटात पाठवतात आणि तिथे चालवतात. एसडीटूआयईसी हे स्वस्त यंत्र ड्राइव्हसारखं बोलतं, पण आतून १५४१ नाही. एकाच फाइलचे प्रोग्राम, वर्ड प्रोसेसर, बेसिकमधली कामं त्यावर मजेत चालतात. दोन-तीन डिस्कांचे गेम मात्र बऱ्याचदा मध्येच गोठतात. पाय१५४१ अख्ख्या ड्राइव्हची नक्कल करतं, म्हणून तिथे तेच गेम चालतात. तुमचा हेतू लिहिण्याचा आणि शिकण्याचा असेल तर पहिलं पुरे. मोठे गेम हवे असतील तर पैसे दुसऱ्यावर घाला.

अमिगा आणि अटारी एसटीसाठी गोटेक लावतात. हा फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसतो आणि पेन ड्राइव्हवरच्या डिस्क फाइली वाचतो. त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर असलेला घ्या. स्पेक्ट्रमला डिव्हएमएमसी, जुन्या ८-बिट अटारींना फुजीनेट.

जुन्या फ्लॉपी मिळाल्या असतील तर ड्राइव्हमध्ये घालण्याआधी खिडकीतून तबकडी बघा. पांढुरके डाग म्हणजे बुरशी. अशी एक फ्लॉपी ड्राइव्हचं हेड माखते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीही ओरबाडते. शिवाय अमिगाच्या जुन्या डिस्कांवर बूटब्लॉकमधले (मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या भागातले) व्हायरस आजही जिवंत असतात, त्यामुळे लेखनबंदी करून मगच घाला. इथे एक गंमत आहे: साडेतीन इंची फ्लॉपीवर भोक उघडं असेल तर लिहिता येत नाही, सव्वापाच इंचीवर खाच झाकलेली असेल तर लिहिता येत नाही. दोन्ही प्रकार हाताळणाऱ्याचा घोटाळा होतोच.

पायरी ४: काम ठरवा, मग प्रोग्राम

मशीनसोबत एक प्रोग्राम आधीच आलेला असतो, तो म्हणजे बेसिक. पहिला आठवडा त्यालाच द्या असं माझं मत. पण सगळी बेसिकं सारखी नाहीत. बीबीसी मायक्रोचं बेसिक त्या काळातलं उत्तम. त्यात प्रोसीजर (नाव देऊन पुन्हा वापरायचे तुकडे) आहेत आणि मशीन कोड लिहायचा असेंब्लरही आतच आहे. कमोडोर ६४चं बेसिक मात्र दरिद्री. सिड या इतक्या सुरेल आवाजाच्या चिपसाठी, इतक्या रंगांसाठी एकही थेट आज्ञा नाही, सगळं पोक करत, म्हणजे मेमरीत थेट आकडे टाकत बसायचं. तिथे १९८३चं सायमन्स बेसिक कार्ट्रिज लावा, शंभराहून जास्त आज्ञा वाढतात. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये स्वतःची २१ चिन्हं ८ बाय ८ ठिपक्यांत काढायची सोय आहे. इंग्रजीखेरीज दुसऱ्या एखाद्या लिपीची अक्षरं त्यात बसवून बघा, एक अख्खा रविवार जातो.

लिहिण्यासाठी प्रोग्राम निवडताना आधी कॉलम मोजा. स्पेक्ट्रमच्या पडद्याची रुंदी २५६ ठिपके, म्हणजे ओळीला ३२ अक्षरं. टासवर्ड टू अक्षरं अरुंद करून ६४ बसवतो. करामत झकास, पण अँटेनाच्या वायरने जोडलेल्या टीव्हीवर डोळे फोडणारी. कमोडोर ६४वर ४० कॉलम मिळतात आणि तिथे मी स्पीडस्क्रिप्ट सुचवेन. हा १९८४ साली एका मासिकात छापून आला होता, वाचकांनी तो आकडा आकडा टाइप करून घ्यायचा असे. आकार पाच-सहा के, त्यामुळे मजकुराला भरपूर जागा उरते. याउलट १९८६चं जिओस: खिडक्या, चित्रं, माउस, सगळं त्याच ६४ केमध्ये. पाहुण्यांना दाखवायला त्याच्यासारखं काही नाही. एका ड्राइव्हवर रोजचं काम करायला गेलात तर मात्र डिस्का बदलून हात दुखतील.

खरोखरच लेख, पत्रं, हिशोब करायचे असतील तर ॲपल टू ई, १२८ के मेमरी आणि ८० कॉलमचं कार्ड, त्यावर १९८४चं ॲपलवर्क्स. लेखन, स्प्रेडशीट आणि नोंदींचा तक्ता एकाच प्रोग्राममध्ये, तिन्हींच्या कळा सारख्या. या अख्ख्या काळातला 'आजही वापरता येईल' असा एक प्रोग्राम निवडायला सांगितलं तर मी हाच निवडेन. त्याच मशीनवर १९७९चं व्हिसिकॅल्कही चालवून बघा. धंदेवाल्यांनी ॲपल टू घेतला तो बऱ्याच अंशी याच्यामुळे, आणि आजच्या स्प्रेडशीटमधलं किती काही त्यात आधीच होतं हे पाहून नवल वाटतं.

चित्रांसाठी अमिगा आणि १९८५चं डिलक्स पेंट. ही जोडी ठरलेलीच. स्पेक्ट्रमवर आर्ट स्टुडिओ चांगला, पण ८ बाय ८ च्या प्रत्येक चौकोनात दोनच रंग मावतात, तिसरा आला की शेजारचा बिघडतो. ही अट आवडणारे लोक आहेत. मी त्यांच्यात नाही.

संगीतासाठी अटारी एसटी, कारण त्याला मिडीची (इलेक्ट्रॉनिक वाद्यं जोडायची) सॉकेटं जन्मापासूनच आहेत. १९८९चं क्यूबेस हे त्यावरचं नावाजलेलं. घेण्याआधी दोन अटी बघा: त्याला एसटीचा ६४० बाय ४०० चा मोनोक्रोम मॉनिटर लागतो, आणि मूळ प्रत कार्ट्रिजच्या खाचेत लावायच्या डोंगलशिवाय (प्रत खरी असल्याची खूण पटवणाऱ्या छोट्या उपकरणाशिवाय) चालत नाही. डोंगल हरवलेला डबा कितीही देखणा असला तरी तो रिकामा डबाच. अमिगावर प्रोट्रॅकर घ्या, चार चॅनल आणि आवाजांचे तुकडे एवढ्यावर तो चालतो.

गेमबद्दल थोडक्यात. पाच प्रकारचे पाच घ्या, एकाच प्रकारचे पन्नास नकोत. यादीत या वर्षी-दोन वर्षांत लिहिलेला एक तरी गेम असू द्या. या मशीनांसाठी आजही नवे गेम बनतात आणि जुन्या युक्त्या कोळून प्यायलेले लोक ते बनवतात. कमोडोर ६४वर गेम चालू होतो पण जॉयस्टिक हलत नाही अशी तक्रार असेल, तर प्लग दुसऱ्या पोर्टमध्ये लावा. एकट्याने खेळायचे बहुतेक गेम पोर्ट २ बघतात. ४८ के स्पेक्ट्रमला जॉयस्टिकचं पोर्टच नाही, केम्पस्टन इंटरफेस लागतो. प्लस टूला पोर्ट आहे, त्यात नेहमीचा नऊ पिनांचा प्लग बसतोही, पण आतली जोडणी वेगळी. जॉयस्टिक बिघडली असं समजून ती फेकणारे मी पाहिले आहेत.

पायरी ५: एम्युलेटरवर चव घ्या

कोणताही प्रोग्राम विकत घेण्याआधी किंवा फ्लॉपीवर उतरवण्याआधी आजच्या कॉम्प्युटरवर एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवून बघा. कमोडोरसाठी व्हाइस, स्पेक्ट्रमसाठी फ्यूज, अमिगासाठी एफएस-यूएई, अटारी एसटीसाठी हतारी. अट एकच: एम्युलेटरची मांडणी पायरी १ च्या कागदाबरहुकूम करा. तुमचं मशीन ४८ के, पाल, कॅसेटवालं असेल तर एम्युलेटरही तसाच लावा आणि वेगाने चालवायची सोय बंद ठेवा. चार मिनिटांचं लोडिंग दहा वेळा सोसून बघा. अकराव्यांदाही तो प्रोग्राम हवासा वाटला तर यादीत घ्या.

याच वेळी मॅन्युअल शोधा. त्या काळातल्या बऱ्याच वर्ड प्रोसेसरमध्ये मेनू नसायचे. कंट्रोलबरोबर कोणती कळ दाबली की काय होतं हे पुस्तकातच असायचं. मी तर आधी मॅन्युअलची पहिली वीस पानं वाचतो आणि ती समजली नाहीत तर प्रोग्रामला हातच लावत नाही.

पायरी ६: मूळ प्रती घेताना

डबाबंद मूळ प्रत हवी असेल तर डब्यात काय काय होतं ते आधी माहीत करून घ्या. स्पेक्ट्रमवरच्या एलिटसोबत लेन्सलॉक नावाचं प्लास्टिकचं भिंग यायचं. पडद्यावरची विस्कटलेली अक्षरं त्यातून बघून टाइप केल्याशिवाय गेम सुरू होत नसे. कॅसेट शाबूत आणि भिंग गायब, तर ती प्रत शोभेची. काही गेमना मॅन्युअलच्या अमुक पानावरचा शब्द लागतो, काहींना फिरवायची पुठ्ठ्याची चकती.

फाइलींच्या बाबतीत, जुनं आहे म्हणून सगळं फुकट असा समज करून घेऊ नका. बहुतेकांचे हक्क अजून कोणाकडे तरी आहेत. काही हक्कदारांनी मोकळीक दिली आहे. ॲमस्ट्रॅडने स्पेक्ट्रमची रॉम एम्युलेटरसोबत वाटायला परवानगी दिली. अमिगाची किकस्टार्ट नावाची रॉम मात्र परवान्यासकट विकली जाते. लेखकांनीच मोकळे सोडलेले अमिगाचे प्रोग्राम एमीनेट या इंटरनेटवरच्या संग्रहात १९९२ पासून साठत आले आहेत, तिथून सुरुवात करा.

पायरी ७: सेव्हची परीक्षा

यादी पक्की झाली की प्रत्येक कामाच्या प्रोग्रामची एक परीक्षा घ्या. दोन ओळी लिहा, सेव्ह करा, मशीन बंद करा, दहापर्यंत मोजा, पुन्हा सुरू करून त्या ओळी उघडा.

ही पायरी मी अनुभवातून घातली आहे. मेमरी कार्डावरून एक वर्ड प्रोसेसर क्षणात चढवला होता आणि खुशीत तीन पानं लिहिली. सेव्ह म्हटल्यावर प्रोग्रामने नम्रपणे रेकॉर्डर सुरू करायला सांगितला. तो फक्त कॅसेटवर सेव्ह करणारा होता, आणि माझ्याकडे रेकॉर्डर नव्हता. मशीन रात्रभर चालू ठेवलं, सकाळी पडद्यावरून तिन्ही पानं वहीत उतरवून घेतली आणि मगच स्विच बंद केला.